युद्धं आणि पर्यावरणाची वाट, यातून माणूसजात टिकेल का?

रात्रपाळीवाला
मे २०२५ मध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मॉक ड्रिलचे मेसेज धडाधड येत होते, सायरन वाजला की लाइट बंद करा वगैरे, आणि त्याच्याच खाली 'टँकर अजून का आला नाही' म्हणून बी विंगची भांडणं. तेव्हापासून डोक्यात बसलंय की आपल्याला आधी काय संपवणार, बॉम्ब का पाणी? उगाच घाबरवायला नाही विचारत, खरंच कोणी वाचलं असेल तर सांगा.

चिंचोका
सगळेच्या सगळे संपणार नाहीत रे, ८०० कोटी आहोत. पण 'टिकणं' म्हणजे काय ते आधी ठरव. २०२२ ला नेचर फूड नावाच्या विज्ञान जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, भारत-पाकमध्ये अणुयुद्ध झालं तर जगभरात २०० कोटींहून जास्त लोक मरू शकतात, आणि त्यातले बहुतेक बॉम्बने नाही, उपासमारीने. जळत्या शहरांची काजळी इतकी वर जाते की तिथे पाऊसच नसतो, मग ती धुणार कोण, वर्षानुवर्षं ऊन अडतं आणि जगभर पिकं झोपतात. काजळी नक्की किती वर जाईल यावर वाद आहेत, मॉडेल आहे शेवटी. पण म्हणजे ज्याला आपलं भांडण कशावरून आहे हेही माहीत नाही तो मरणार.

कोरडवाहू
बॉम्ब का पाणी असं वेगळं करताच येत नाही. अरल समुद्र बघ. १९६० पर्यंत जगातलं चौथ्या नंबरचं सरोवर, मग सोव्हिएत सरकारने कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन्ही नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं आणि मुयनाक बंदरातल्या बोटी वाळूत गंजत पडल्या. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच समुद्रात वोझरोझ्देनिया नावाचं बेट होतं, तिथे लष्कर अँथ्रॅक्स, देवी असल्या जंतूंच्या चाचण्या करायचं, चारी बाजूंनी पाणी म्हणून सेफ. मग पाणी आटत आटत ते बेट जमिनीला जोडलं गेलं ना! कापसाच्या खात्याने लष्कराचं कुंपणच पिऊन टाकलं, आणि पुरलेला अँथ्रॅक्स तिथेच. २००२ मध्ये अमेरिकेच्या मदतीने ते खड्डे निर्जंतुक केले.
हां, कझाकस्तानने २००५ मध्ये कोकअरल बांध पूर्ण केला, वर्ल्ड बँकेचे पैसे होते, तर उत्तरेकडचा तुकडा भरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली. दक्षिणेकडचं गेलं ते गेलंच.

हुकलेली_लोकल
माणूस राहो न राहो, मेंटेनन्सचं बिल एक तारखेला येणारच 😂

आडवाटेने
आपण ऑलरेडी नशिबाने वाचलेलो आहोत. २७ ऑक्टोबर १९६२, क्यूबाजवळ सोव्हिएत पाणबुडी बी-५९, आत प्रचंड उकाडा, हवा संपत आलेली, मॉस्कोशी संपर्क नाही आणि वरून अमेरिकन जहाजं इशाऱ्याचे छोटे स्फोट करतायत. कॅप्टनला वाटलं युद्ध पेटलं, त्याने अणुटॉर्पेडो तयार करायला सांगितला. वासिली अर्खिपोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने समजूत घालून थांबवलं. अशा चार पाणबुड्या निघाल्या होत्या, तो नेमका हिच्यावर होता. मला त्याच्या शौर्यापेक्षा या 'नेमका'चीच जास्त भीती वाटते.
पण सगळंच नशीब नाही. १९८५ ला ओझोनच्या भोकाची बातमी आली, १९८७ ला ओझोन खाणारी रसायनं बंद करायचा माँट्रियल करार झाला आणि पुढे जगातले झाडून सगळे देश त्यात आले. अण्वस्त्रंही १९८६ च्या सुमारास ७० हजार होती, आता १२ हजारांच्या आसपास आहेत. कंटाळवाण्या मीटिंगांनीच झालं हे.

रात्रपाळीवाला
कोरडवाहू, त्या बेटाचं काहीच माहीत नव्हतं, बेक्कार आहे ते. आडवाटेने, मीटिंगांचं पटलं पण अमेरिका-रशियातल्या न्यू स्टार्ट या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या कराराची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती ना?

आडवाटेने
हो. म्हणून तर म्हटलं, 'झालं'. 'होतंय' म्हटलं नाही.