सोलापूरच्या माळावर कुत्र्याला फिरायला न्यावं का? हुरड्याच्या शेतात आणि ढाब्यावर त्याला जागा असावी का?

विजापूररोडकर
हुरड्याचा हंगाम जवळ आलाय आणि दरवर्षीचा वाद पुन्हा सुरू झालाय, म्हणून माझं मत मांडतो. कुत्र्याला शहराबाहेर न्यावंच, पण पट्टा हातात ठेवून. आणि हुरडा पार्टीवाल्यांनी, ढाबेवाल्यांनी बुकिंगच्या वेळीच 'कुत्रं चालेल' किंवा 'चालणार नाही' हे सांगून टाकावं. नाही म्हटलं तरी राग नाही. दारात पोचल्यावर हाकललं की गाडीतली सगळी मंडळी उपाशी परत फिरतात.

शहरातल्या रस्त्यांवर दुचाकींची गर्दी आणि भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या. लॅब्राडोरसारख्या जनावराला तिथे मोकळेपणाने चालायला मिळत नाही. त्यापेक्षा ज्वारीच्या रानाकडेची पाणंद कितीतरी बरी, मालकाला विचारून. मात्र पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळलेलं असतं. त्याचं कुसळ पंजात आणि कानात शिरतं, आत सरकत जातं आणि पू होतो. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान बघायलाच हवेत. गोचीडही तिथेच दिसते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा उजाडण्याआधी फिरून या, नाहीतर घरीच थांबा.

कारवानीवाला
पट्ट्याचं मला पटत नाही, दादा. कारवानी आणि पश्मी ही आपल्या भागातली कुत्री, पिढ्यानपिढ्या पळण्यासाठीच जोपासलेली. त्यांना दोरीला बांधून पाणंदीने चालवणं म्हणजे त्यांचा निम्मा जीव घरी ठेवून येणं. पहाटे कापणी झालेल्या रानात सोडलं, दोन चकरा जोरात मारल्या की कुत्रं दिवसभर शांत राहतं. न पळालेलं कुत्रं घरात चपला फाडतं, भुंकतं, आणि मग लोक म्हणतात जातच वाईट.

चंडोल
माळ रिकामा असतो ही समजूतच आधी सोडायला हवी. बार्शी रस्त्यावरचं नान्नज बघा. १९७९ पासून तिथे माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य आहे. काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे. टिटवी, चंडोल, धाविक ही सगळी पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात, खड्यांच्या रंगाची. माणसाच्या नजरेला ती चुकतात, कुत्र्याच्या नाकाला नाही. काळविटामागे कुत्रं सुटलं तर ते पकडलं जाईलच असं नाही, पण गाभण मादी पळून पळून खचते.

दुसरी गोष्ट आजारांची. डिस्टेंपर आणि रेबीज कुत्र्याकडून लांडग्याला होतो. पार्व्होचा विषाणू विष्ठेतून पडला तर मातीत महिनोन् महिने टिकतो. आणि २०२३ मध्ये पुण्याजवळच्या माळरानावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. माझ्या मते अभयारण्यात आणि त्याच्या आसपासच्या माळावर कुत्रं नकोच, पट्ट्यातही नको. हिप्परगा तलावाच्या काठीही हिवाळ्यात नको. तेव्हा पट्टकदंब हे पाहुणे हंस उतरतात, आणि कुत्रं भुंकलं की अख्खा थवा उठतो.

मेंढरंवाला
ताई, मग आमचं काय? आमच्या मेंढवाड्यावर कुत्री रात्रभर मोकळीच असतात, कारण लांडगा येतो. ती बांधली तर मेंढरं जातात. माळावरून कुत्रं हाकलायचं ठरवाल तर आधी आमच्यावर बोट येईल, आणि ते मान्य नाही. पण शहरातून फिरायला येणाऱ्यांनाही सांगतो. तुमचं कुत्रं खेळायला म्हणून कळपात घुसलं की मेंढरं बिथरतात, गाभण मेंढी गाभडते. आमची कुत्री तुमच्या लॅबला ओळखत नाहीत, फाडतील. कळप दिसला की लांबून वळसा घाला आणि कुत्र्याला जवळ घ्या. एवढं तरी कराच.

ढाबेवाला, तुळजापूर रोड
मी बाहेरच्या खाटेवर बसू देतो, आत नाही. लहान मुलं असतात, काही गिऱ्हाइकांना भीती वाटते, त्यांचाही हक्क आहे. माझी अडचण दुसरीच आहे: लोक आपल्या ताटातली मटणाची हाडं खाली टाकतात. मग रस्त्यावरची कुत्री जमतात, भांडण लागतं आणि शिव्या मला. पाण्याचं भांडं आणि कुत्र्याचं खाणं घरून आणा.

विजापूररोडकर
मालक, तुमचं हाडांचं अगदी खरं. शिजवलेलं हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुततं, आणि रश्शातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आपल्याकडे द्राक्षबागा गावोगावी. पडलेली द्राक्षं, वाळत घातलेले बेदाणे कुत्र्याने खाल्ले तर किडन्या निकामी होऊ शकतात. बागेत फवारणीही असते. हुरड्याच्या शेतात आगटीजवळ बांधू नका, निखारे उडतात.

चंडोलताई, अभयारण्य आणि तलावाचा काठ वगळायला मी तयार आहे. मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांना आपल्या फिरण्याच्या नियमात ओढू नये, ती कामाची आहेत. त्यांना फुकट लस मिळावी यासाठी मात्र आपण सगळ्यांनी मागणी करावी. पण सगळा माळ बंद करा म्हणाल तर मी विरोधातच राहीन. कुत्र्यामुळे पहाटे बाहेर पडणारी माणसंच या माळाला पडीक जमीन समजणं थांबवतील.

कारवानीवाला
तलावाचं आणि नान्नजचं मान्य. बाकी मी सोडणार तो माझ्याच रानात, ज्वारी निघाल्यावर.

चंडोल
ज्वारी निघाल्यावरच टिटवी त्या रानात उतरते, अण्णा. मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत तेवढं थांबवाल का? रान तुमचंच आहे, म्हणून विचारतेय.