गॅदरिंग नव्हे, जत्रा

होमकमिंग हा अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचा दरवर्षीचा सोहळा. तो म्हणजे तिथलं गॅदरिंग, असं कुणी म्हणतं, पण ते मत मला पटलं नाही. गॅदरिंग शिकणाऱ्या मुलांचं. हा सोहळा जुन्यांना परत बोलावण्याचा. गावच्या जत्रेला चाकरमानी येतात ना, तसा. मिझुरी विद्यापीठात १९११ साली क्रीडा संचालक चेस्टर ब्रूअर यांनी कॅन्ससविरुद्धच्या फुटबॉल सामन्याला माजी विद्यार्थ्यांना ‘घरी या’ अशी साद घातली. पहिलेपणाचा मान बेलर (१९०९) आणि इलिनॉय (१९१०) विद्यापीठवालेही सांगतात. हा वाद काही मिटायचा नाही! खरी मजा सामन्याआधी पार्किंगमध्ये. डिकी उघडी, शेगडीवर सॉसेज चरचरतायत आणि कॉलेजच्या रंगाचा स्वेटर घातलेले आजोबा नातवाला आपलं वसतिगृह दाखवतायत. टेक्सासच्या हायस्कुलांत तर मुली शेवंतीचं भलंमोठं फूल मिरवतात, खाली लांबलचक रिबिनी आणि घुंगरं. फूल हल्ली बहुधा कापडी असतं, तेवढं खटकतं.