२८५/७० आर१७ टायर फुल लॉकला घासतात, स्पेसर किती मिमीचा घ्यावा?

खडकवाट

२६५/७० आर१७ काढून २८५/७० आर१७ मड-टेरेन टायर बसवलेत. रिम कंपनीच्याच आहेत, ७.५ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं अंतर) ३० मिमी. पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, पीसीडी (स्टडांच्या वर्तुळाचा व्यास) ६×१३९.७, स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते आटेदार दांडे) एम१२×१.५, म्हणजे १२ मिमी व्यास, १.५ मिमीचा आटा. सरळ चालताना आवाज नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचे दोन्ही टायर आतून कुठेतरी घासतात आणि रिव्हर्स घेताना बंपरमागच्या लाइनरलाही (चाकाभोवतीचं प्लास्टिकचं अस्तर) लागतात. २५, ३२ आणि ३८ मिमीचे स्पेसर (हब आणि रिमच्या मध्ये बसणारी जाड चकती) मिळतायत. कोणता घ्यावा? फक्त पुढे बसवले तर चालतील का? आणि गाडी ५० मिमी उचलली तर स्पेसरची गरज उरेल का?

हबकेंद्र

जाडी ठरवण्याआधी नेमकं कुठे घासतंय ते शोधा, कारण तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. स्पेसर चाक बाहेर ढकलतो. त्यामुळे अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारी आडवी दांडी), कंट्रोल आर्म (चाक चॅसीशी जोडणारा दांडा) किंवा चॅसीला आतून लागणारा टायर सुटतो. पण लाइनर आणि बंपरला लागणारा टायर त्यांच्या आणखी जवळ जातो.

किती जवळ, ते आकड्यात सांगतो. स्टिअरिंग ३५ अंश वळलेलं असताना २५ मिमीच्या स्पेसरमुळे चाकाचा मध्य साधारण १४ मिमी पुढे किंवा मागे सरकतो (२५ गुणिले साइन ३५). उजवीकडे वळताना डावं चाक बंपरकडे जातं, डावीकडे वळताना तेच मागे जातं. ३८ मिमीला हाच आकडा २२ च्या आसपास पोचतो. त्यात नव्या टायरची त्रिज्या जुन्यापेक्षा १४ मिमीने जास्त आहे, ती जागा आधीच गेलेली आहे. म्हणून जाड स्पेसर म्हणजे जास्त सुरक्षित, हा हिशेब इथे लागू पडत नाही. आतली अडचण सुटेल इतकाच पातळ स्पेसर घ्यायचा.

तपासायची पद्धत अशी: टायरच्या आतल्या भिंतीवर आणि खांद्यावर खडू जाड फासा, सपाट जागेवर पूर्ण डावं-उजवं वळवून हळू पुढे आणि मागे चालवा, मग खडू कुठे पुसला गेला आणि समोरच्या भागावर कुठे उमटला ते पाहा. नंतर एक पुढचं चाक रॅम्पवर चढवून हेच पुन्हा करा. सस्पेन्शन दाबलेलं असताना घासण्याची जागा बदलते.

उचलण्याबद्दल: ५० मिमी लिफ्टने चाक आणि अँटी-रोल बार यांच्यातलं आडवं अंतर जवळजवळ बदलत नाही. फुल लॉकला आत घासणारा टायर लिफ्टनंतरही घासेल. फेंडरच्या बाबतीतही, बंप स्टॉप (सस्पेन्शनची वरची हालचाल अडवणारे रबर) तेच राहिले तर चाक पूर्ण दबल्यावर पूर्वीइतकंच वर येतं.

सहाकोनी पाना

वरच्याशी सहमत. आता स्पेसर निवडताना काय बघायचं ते.

कागदावर तुमचा टायर दर बाजूला १० मिमीने रुंद झालाय, म्हणजे साधारण १० ते १५ मिमी बाहेर सरकवलं तरी भागेल. अडचण अशी की तेवढ्या जाडीत फक्त स्टडवरून सरकवायचे सपाट स्पेसर येतात आणि ते स्टडची तेवढीच लांबी खातात. नटमध्ये किमान स्टडच्या व्यासाइतके आटे बसले पाहिजेत. एम१२×१.५ ला ते आठ पूर्ण फेरे होतात. हाताने नट फिरवून मोजा. आठपेक्षा कमी भरले तर लांब स्टड ठोकल्याशिवाय तो स्पेसर वापरूच नका. स्वतःचे स्टड असलेले, हबला वेगळ्या नटांनी आवळायचे स्पेसर साधारण २५ मिमीपासून पुढे मिळतात, त्याहून पातळ असले की आतला नट मावत नाही.

मूळ स्टड हबच्या तोंडापासून किती बाहेर येतो ते मोजा. तो स्पेसरच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर टोक रिमच्या पाठीला टेकतं. नट आवळल्यासारखे वाटतात, पण रिम स्पेसरवर बसलेलीच नसते आणि काही किलोमीटरमध्ये सगळं ढिलं होतं. काही अलॉय रिममध्ये नटांच्या दोन भोकांच्या मधल्या जागेत पोकळ खाचा असतात, टोकं त्यात मावतात का ते पाहा.

सेंटर बोअर (मधल्या भोकाचा व्यास) दोन्हीकडे जुळायला हवा: आतून हबच्या कडेवर घट्ट आणि बाहेरून रिमसाठी तेवढीच कडा. हायलक्स, फॉर्च्युनरसारख्या गाड्यांना १०६.१ मिमी लागतो, जिम्नीला १०८. पीसीडी जुळला म्हणून स्पेसर जुळला असं समजू नका. धातू ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम असावा, ओतीव नको, स्टड १०.९ ग्रेडचे. विक्रेता यातलं काही सांगू शकत नसेल तर पुढे चला. आणि दोन स्पेसर एकावर एक कधीच नाही.

फक्त पुढे बसवले तर यांत्रिक अडचण नाही. पण वाळूत आणि चिखलात मागची चाकं पुढच्यांच्या चाकोरीतून जात नाहीत, स्वतःची वेगळी वाट कापतात आणि ओढ वाढते. अशा जमिनीवर जास्त चालवत असाल तर चारही घ्या.

खडकवाट

मोजलं. आत फक्त अँटी-रोल बारला लागतोय, कंट्रोल आर्मपाशी बोट सहज जातं. स्टड २८ मिमी बाहेर येतो, रिमच्या पाठीला खाचा आहेत, खोली १२ मिमी. फुल लॉकला लाइनर पुढे जेमतेम लागतो, त्याच्या मागे बंपरपर्यंत आणखी ३० मिमी रिकामी जागा आहे.

हबकेंद्र

मग २५ मिमी. स्टडचं टोक ३ मिमी बाहेर राहील, ते खाचेत मावेल. पण बसवण्याआधी रिम हाताने लावून खाचा स्टडसमोरच येतात ना हे पाहून घ्या. लाइनर हीट गनने मऊ करून बंपरकडे दाबा आणि नवी क्लिप लावा. १४ मिमी स्पेसर खाईल, उरलेल्या १६ मध्ये सस्पेन्शनची हालचाल आणि चिकटलेला चिखल मावायला हवा, म्हणून बंपरचा खालचा कोपराही थोडा कापावा लागेल. ३२ आणि ३८ चा विचार सोडा.

कधीतरी रिम बदलणार असाल तर ८ इंच रुंद, ऑफसेट १० ची घ्या. आतली भिंत साधारण १७ मिमी बाहेर येते, तुमच्या बारसाठी ते पुरतं, आणि मधला एक जोड कमी होतो. बेअरिंगवरचा भार मात्र स्पेसर असो वा कमी ऑफसेटची रिम, चाक जितकं बाहेर तितकाच वाढतो.

सहाकोनी पाना

बसवताना जिथे हमखास चुकतं तेवढंच लिहितो. हब आणि डिस्कच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा. डिस्क धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या स्टडवर असतील तर त्या काढा, त्या राहिल्या की स्पेसर तिरका बसतो आणि वेगात स्टिअरिंग थरथरतं. हबच्या कडेला अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणारं वंगण) पातळ थर द्या, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाला धरून बसतं. आट्यांना मात्र लावू नका. आटे गुळगुळीत झाले की त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

आतले नट स्पेसरसोबत आलेलेच वापरा, ते बुटके असतात आणि स्पेसरच्या पृष्ठभागाच्या आत राहतात. एक सोडून एक अशा क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा. एम१२×१.५ साठी आकडा साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, पण गाडीच्या आणि स्पेसरच्या पुस्तिकेतला आकडा पाळा. इम्पॅक्ट गनने शेवटचं आवळणं नको. बाहेरचे नट रिमच्या बैठकीला जुळणारे हवेत: शंकूच्या बैठकीला शंकू, सपाट वॉशरच्या बैठकीला वॉशरवाला नट.

८० ते १०० किमी चालवल्यावर चाक काढून आतले नट पुन्हा तपासा. बाहेरचे नट बघून समाधान मानलं जातं आणि ढिले होतात ते आतले. चाकाचा भार स्टड स्वतः उचलत नाही, दाबून धरलेल्या दोन पृष्ठभागांतलं घर्षण तो उचलतं. दाब सुटला की स्टड प्रत्येक फेरीला वाकतो आणि थकून तुटतो. त्यानंतर दर टायर रोटेशनला हीच तपासणी करा.