मदत हवी आहे: 'इनसाइड' गेमचा शेवट नक्की कसा लावायचा? (आणि हा गेम भाच्याला द्यावा का?)

पुढे स्पॉयलर आहेत, तेही अगदी शेवटापर्यंतचे. ज्यांना 'इनसाइड' खेळायचा आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, कारण काही माहीत नसताना खेळण्यातच या गेमची खरी मजा आहे.

ज्यांना खेळायचा नाही पण उत्सुकता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोपनहेगनच्या प्लेडेड स्टुडिओचा हा गेम. त्यांचा 'लिंबो' २०१० साली आला आणि त्यानंतर सहा वर्षांनी, २०१६ मध्ये हा. लाल शर्टातला एक लहान मुलगा रात्री जंगलातून पळतोय आणि मागे टॉर्च घेतलेली माणसं आणि कुत्री लागली आहेत. आपण त्याला उजवीकडे नेत राहायचं आणि वाटेतली कोडी सोडवायची. चुकलो तर मुलगा मरतो आणि ते मरणं बघवत नाही. संपूर्ण गेममध्ये एकही संवाद नाही, एकही पाटी नाही, कुठलं बटण दाबा हेही कुणी सांगत नाही.

मी खेळत होतो आणि ताई शेजारी बसून बघत होती. तिने आयुष्यात हातात कंट्रोलर धरलेला नाही. पण जंगल, शेत, डुकरांचा गोठा असं सगळं ओलांडून शहर लागलं, तेव्हा तीच म्हणाली, "अरे, याला पळून जायचं असतं तर हा उलट्या दिशेला गेला नसता का? हा तर सारखा आत आत चाललाय." ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

शेवटी तो मुलगा प्रयोगशाळेत पोहोचतो. तिथे एका मोठ्या पाण्याच्या टाकीत हातपाय एकमेकांत वितळल्यासारखा माणसांचा एक गोळा तरंगत असतो. मुलगा त्याला जोडलेल्या नळ्या सोडवायला जातो आणि तो गोळा त्यालाच पोटात ओढून घेतो. तिथून पुढे आपण तो गोळा चालवतो: भिंती फोडत, काचा फोडत, माणसं तुडवत. शेवटी तो इमारतीबाहेर पडतो, डोंगरउतारावरून गडगडत खाली येतो आणि पाण्याकाठच्या गवतावर पडून राहतो. वरून उन्हाचा एक पट्टा. कुठलंही बटण दाबा, काही हलत नाही. श्रेयनामावली सुरू.

माझा पहिला अर्थ सोपा होता: सुटका झाली. पण त्याच इमारतीत, आतल्या एका खोलीत, अगदी त्याच किनाऱ्याची छोटी प्रतिकृती मांडून ठेवलेली आहे, तसाच उतार, तसाच वरून पाडलेला उजेड. म्हणजे बाहेर पडल्यावर जिथे पोहोचलो ती जागा आत कुणीतरी आधीच बनवून ठेवली होती. मग ही सुटका म्हणायची की ठरवून घडवलेला प्रयोग?

त्यात गुप्त शेवट वेगळाच. गेमभर लपवलेले दिव्याचे गोळे शोधून सगळे बंद केले, की मक्याच्या शेताखालच्या तळघरात जाता येतं. तिथे मुलगा एका यंत्राचा प्लग ओढतो आणि जागच्या जागी मान टाकून उभा राहतो, थेट त्या गेममधल्या मेंदू ताब्यात घेतलेल्या माणसांसारखा.

माझे प्रश्न:
१. गुप्त शेवट खरा धरला तर किनाऱ्याचा शेवट खोटा ठरतो का? की दोन्ही एकत्र वाचायचे?
२. अर्थ लागलाच नाही तरी या गेमला किंमत आहे का? भावजींचं म्हणणं, "तीन-चार तासांत संपतो, पुन्हा खेळण्यासारखं काही नाही, शेवट कळत नाही, मग पैसे कशाचे दिले?" मला हे पटत नाही, पण नेमकं उत्तरही देता येत नाही.
३. भाचा सातवीत आहे. त्याला द्यावा का?

प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाबद्दल. शेवटाकडे बघण्याआधी त्या टोप्यांकडे बघा. छताला टांगलेल्या हेल्मेटमध्ये मुलगा डोकं घालतो, त्याचे पाय लोंबकळतात, आणि खाली पडलेलं निर्जीव माणूस तुमच्या बटणांवर चालायला लागतं. पुढे एका ठिकाणी असं ताब्यात घेतलेलं माणूसच दुसऱ्या हेल्मेटमध्ये डोकं घालतं आणि तिसऱ्याला चालवतं. त्या क्षणी नीट मोजा: तिसऱ्याला दुसरा चालवतोय, दुसऱ्याला मुलगा, आणि मुलाला कोण?

मला वाटतं गुप्त शेवटाचं उत्तर तिथेच आहे. मुलाला आपण चालवतो. प्लग ओढला की आपला ताबा सुटतो, म्हणून तो मान टाकतो. तुमच्या ताई बरोबर बोलल्या. तो आत जातोय, कारण आपण त्याला आत नेतोय.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण मग किनाऱ्याचा शेवट फुकट जातो असं नाही. गोळा चालवायला लागल्यावर हाताला काय जाणवलं ते आठवा. मुलगा हलका होता, बटण दाबलं की लगेच उडी. गोळा जड आहे, उशिरा वळतो, पडला तर धापा टाकल्यासारखा उठतो. तरीही त्यात जी मोकळीक आहे ती आधीच्या तीन तासांत कुठेच नव्हती. आतापर्यंत आपण लपत होतो, इथे बाकीचे लपतात. आणि किनाऱ्यावर आल्यावर बटणं मेली. म्हणजे दोन्ही शेवटांत घडतं एकच: आपला ताबा जातो. एकीकडे मुलगा ताब्याशिवाय उभाही राहू शकत नाही, दुसरीकडे तो गोळा उन्हात निवांत पडून राहतो. मला दुसरा शेवट दुःखाचा वाटत नाही.

प्रतिकृतीचं कोडं मात्र मलाही सुटलेलं नाही. त्यामुळे मन धास्तावतं हे खरं.

भावजींना एकच प्रसंग दाखवा: ती रांगेतली परेड. मुलगा मान टाकलेल्या माणसांच्या रांगेत मिसळतो, पहारेकरी बघत असतात. रांग चालली की चालायचं, थांबली की थांबायचं, वळली की वळायचं, उडी मारली की उडी. एक पाऊल चुकलं की खेळ खलास. मी तिथे श्वास रोखून धरला होता. आज्ञा पाळणं म्हणजे काय हे अंगठ्यांना कळतं, वाचून कळलं नसतं. त्याचे पैसे दिले.

प्रतिसाद

आवाजाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. संगीत मार्टिन स्टिग आंडरसन यांचं आहे आणि त्यांनी काही ध्वनी खऱ्या मानवी कवटीतून वाजवून ध्वनिमुद्रित केले, हाडांतून आवाज येतो तसे ऐकू यावेत म्हणून. गेम हेडफोन लावून पुन्हा खेळा. दूरचे धक्के येतात, आपण लोखंडी पत्र्याआड उभं राहायचं आणि मधल्या शांततेत पुढे सरकायचं, तो भाग कानांनीच सोडवावा लागतो. गुप्त तळघराचं दारही कानाने ऐकलेल्या सुरांवरूनच उघडतं.

आणि कथा नाही म्हणणाऱ्यांना सांगा, २०१७ च्या बाफ्टा (ब्रिटनमधल्या) गेम पुरस्कारांत याला कथनाचाही पुरस्कार मिळाला आहे. एक शब्द न बोलता.

प्रतिसाद

भाच्याचं: सातवीच्या मुलाला एकट्याला देऊ नका. रक्ताची चिळकांडी फारशी नाही, पण कुत्री मुलाला फाडतात, पाण्यातली ती लांब केसांची मुलगी त्याला खोल ओढून नेते, आणि हे सगळं त्याच्याच वयाच्या मुलाच्या बाबतीत घडतं. माझ्या मुलीला दहावीत असताना दिला, मी शेजारी बसले होते. पाण्याचा भाग आला तेव्हा तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. हेल्मेटातल्या हेल्मेटचा मुद्दा ताईला वाचून दाखवला, ती म्हणाली, "मग ती टाकी फोडायचं तरी त्या पोराच्या मनात होतं का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. भाच्याला दोन-तीन वर्षं थांबवतोय, भावजींना रविवारी परेडचा भाग खेळायला बसवतोय.

अजून एक अडलंय. गोळा सुटल्यावर काही शास्त्रज्ञ पळण्याऐवजी त्याला वाट करून देतात आणि मग तो सापळ्यात पडतो. ते आधीपासून सापळ्याकडेच नेत होते, की त्यांतले काही खरंच मदत करत होते? ज्यांनी तो भाग नीट बघितला असेल त्यांनी कृपया लिहा.