नाताळचे झाड: कुंडीतले जिवंत आणावे की प्लास्टिकचेच चालवावे?

राजारामपुरीकर:
नमस्कार. आमचे प्लास्टिकचे चार फुटी झाड गेली सहा वर्षे डिसेंबरात माळ्यावरून खाली येते आणि जाताना फरशीवर हिरव्या कातरणांचा सडा टाकून जाते. यंदा त्याच्या तिवईचा एक पायही मोडला आहे. त्यामुळे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून मिळणारे कुंडीतले झाड आणावे, असे माझ्या मनात आहे. आईचे म्हणणे मात्र असे की, झाडाचे कौतुक पुरे, आधी चांदणी आणि गव्हाण, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नीट करा. आमच्या पूर्वेकडील बाल्कनीत सकाळी दहापर्यंत ऊन असते. असे झाड घरात किती दिवस ठेवता येईल, आणि गणपतीतल्या दिव्यांच्या माळा त्यावर सोडल्या तर चालतील का?

कळंब्याचा माळी:
आपल्याकडे या नावाने मिळते ते अरौकेरिया, म्हणजे खरे पाईन नव्हेच. त्यातील एक जात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामधील नॉरफोक बेटावरची, तर दुसरी न्यू कॅलेडोनियाची असून, लहानपणी दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की विकणाराही फरक सांगेलच असे नाही. घेताना कुंडीत बुंधे किती आहेत ते मोजा, कारण झाड दाट दिसावे म्हणून कधीकधी तीन-चार रोपे एकत्र लावलेली असतात आणि पुढे ती एकमेकांना जगू देत नाहीत.

हे झाड बाहेरचे आहे, घरात ते पाहुणे म्हणून येते, असे समजून वागावे. वर्षभर बाल्कनीत ठेवा, २० डिसेंबरच्या सुमारास आत खिडकीजवळ घ्या आणि ६ जानेवारीच्या आत पुन्हा बाहेर न्या. नुसती काळी माती घालू नका. ती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. लाल माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, आणि बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. खालच्या फांद्या एकदा वाळल्या की त्या जागी नव्या येत नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेंडा जपा. तो मोडला की झाडाचा सरळ डौल जातो, म्हणून जड चांदणी शेंड्याला बांधू नये. माझ्या एका झाडाचा शेंडा मी स्वतःच सुतळीने आवळून घालवला आहे, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत. दोन-चार वर्षांनी कुंडी अपुरी पडली म्हणून ते घराच्या भिंतीलगत जमिनीत लावू नका. मूळ जागी ही झाडे पन्नास मीटरच्या वर जातात.

वायरमन:
माळ एलईडीची असेल तर खुशाल सोडा, मात्र ती जुन्या बारीक बल्बांची असेल तर नको, कारण ते बल्ब तापतात आणि कोवळी पाने करपतात. गणपतीत पावसाने भिजलेली माळ असल्यास आधी जोड तपासा, आणि झाडाला पाणी घालताना प्लग काढून ठेवा. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी १८८२ साली न्यूयॉर्कमधील आपल्या घरी झाडावर विजेचे ८० दिवे लावले होते. त्याआधी चक्क मेणबत्त्या लावत. त्या वाटेला कोणीही जाऊ नये.

शाहूपुरीच्या मावशी:
मी तुमच्या आईंच्या बाजूची आहे. रॉयल वायल्डर हे मिशनरी कोल्हापुरात आले ते १८५२ साली, आणि राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापले गेले ते १८४८ साली. म्हणजे झाडाची टूम तेव्हा इंग्लंडातही नवीच होती. गव्हाणीचा देखावा मात्र असिसीचे संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ सालीच उभा केला होता.

त्या देखाव्यासाठी बाजारातले रंगवलेले गवत आणू नका. नवरात्रात घट बसवताना गहू पेरतात तसेच वाटीभर गहू रात्रभर भिजवून पसरट परडीत मातीवर दाट पेरा. थंडीत उगवण सावकाश होते, म्हणून १३ तारखेलाच पेरणी करा आणि परडी उजेडात ठेवा, नाहीतर अंकुर पिवळे पडतात. नाताळपर्यंत वीतभर हिरवेगार शेत होते आणि मेंढ्या त्यात अर्ध्या बुडतात. चांदणी म्हणून दिवाळीतला पाच टोकांचा आकाशकंदील उतरवून पुन्हा लावला तरी चालतो. आमच्याकडे करंज्यांचा साचासुद्धा तोच असतो.

राजारामपुरीकर:
सर्वांचे आभार. झाड रविवारी पाहायला जातो, बुंधे मोजूनच घेईन. आईला मावशींचा प्रतिसाद वाचून दाखवला, तर तिने परडी आधीच धुऊन ठेवली आहे.