अनुभव धागा: केळवण, ब्रायडल शॉवर आणि भांड्यांची ऑर्डर

पोळपाट_ओहायो

काल माझा बेकिंगचा दगड फुटला. फ्रीजरमधले पराठे थेट तापलेल्या दगडावर टाकले, टणकन आवाज आला आणि मधोमध दोन तुकडे. चूक माझीच. वीस वर्षं वापरलेला, आजीच्या तव्यासारखा काळाकुळकुळीत झाला होता. त्याला साबण लावायचा नसतो. नवऱ्याने एकदा लावला होता, पुढचे तीन पिझ्झे लिंबाच्या वासाचे खाल्ले.

तर तुकडे हातात घेऊन उभी राहिले आणि तो आला कुठून ते आठवलं.

२००४. आम्ही कोलंबसला, दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये. ऑफिसातल्या रिसेप्शनिस्टचं लग्न ठरलं. तिकडे जुन्या वळणाच्या लोकांत ब्रायडल शॉवर (लग्नाआधी बायका जमून नवरीला भेटी देतात तो) घरचे करत नाहीत, आई-बहिणीने केला तर आहेर मागितल्यासारखं दिसतं. मैत्रिणींनी करायचा. माझ्या तोंडून "मी करते" निघून गेलं. मला वाटलं, केळवणच की! श्रीखंड-पुरी करू.

आमच्याच ऑफिसातली एक फावल्या वेळात भांड्यांच्या पार्ट्या करायची. (कंपनीचं नाव राहू दे.) ती म्हणाली, शॉवर आणि पार्टी एकत्रच करू. नवरीने कॅटलॉगमधून यादी करायची, पाहुण्यांनी त्यातून ऑर्डरी द्यायच्या, आणि एकूण विक्रीवर यजमानीणबाईला जी फुकट भांडी मिळतात तीही नवरीला. शिवाय स्वयंपाक तीच करून दाखवणार. म्हटलं आयतं जेवण, अजून काय हवं.

चौदा बायका. हॉलमध्ये तो टॉयलेट पेपरचा खेळ चाललेला, म्हणजे नवरीला कागदात गुंडाळून त्याचा लग्नाचा झगा करायचा. मी झालर लावत होते. स्वयंपाकघरातून ती ओरडली, "ओव्हन चारशेला लावतेय हं!" मी म्हटलं लाव.

आता आमच्या घरी ओव्हन म्हणजे काय? कपाट. आत कढई, तवा, कुकरची दोन झाकणं आणि खालच्या जाळीवर प्लास्टिकचा पोळ्यांचा डबा.

धूर, वास, अलार्म. बायका टॉवेल हलवतायत, आणि कागदात गुंडाळलेली नवरी "मी पेट घेईन!" म्हणत बाल्कनीत पळाली. खालच्या पार्किंगमधून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि ही बाई शांत. वितळून जाळीवरून लोंबणाऱ्या डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "लेडीज, डबा चांगलाच का घ्यावा ते बघितलंत?"

त्या दिवशी तिची विक्री जोरात झाली. पण प्रत्येकीने कोपऱ्यात बसून फॉर्म भरला, कोणी कोणाला विचारलं नाही, आणि सगळ्यांनी यादीतली स्वस्त वस्तू धरली. नवरीला पाच लसूण प्रेस. मोठं पॅन शेवटपर्यंत कोणी घेतलं नाही. वस्तू पुढे येणार होत्या, त्यामुळे बिचारी रिबिनी सोडून सोडून कॅटलॉगमधून कापलेली चित्रं बघत होती आणि प्रत्येक चित्राला "ओ माय गॉड" म्हणत होती.

अडीच आठवड्यांनी अकरा खोकी माझ्या दारात. फॉर्म बघून वाटण्या करायचं कामही यजमानीणीचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. दगड नवरीच्या वाटणीतला, तिनेच बळंबळं मला दिला.

तुमच्याकडे केळवण, डोहाळजेवण, भिशी, कुठेही जेवायला बोलावून काही विकलं गेलं असेल तर लिहा.

कोपऱ्यातली_खुर्ची

हसून हसून पुरेवाट. ओव्हनमध्ये कढया!! माझ्या अजून आहेत. लेक ओव्हन लावायच्या आधी आता "आई, रिकामा आहे का" विचारते.

ठाणे_पश्चिम

मामेबहीण, २००१, आमच्याच घरी. मामी म्हणाली केळवणाला बायका जमणारच आहेत तर अमुक वहिनींना डबे दाखवायला बोलावू, रुखवतात पण ठेवता येतील. वहिनी आल्या, डब्यात पाणी भरलं, झाकण लावून मधोमध दाबून हवा काढली आणि डबा उलटा करून धरला. कुठे? नवरीच्या डोक्यावर!! आजी पाटावरून ओरडली, "अगं हळदीच्या आधीच न्हाऊ घालतेस का पोरीला!"

थेंब नाही सांडला. सगळ्या गार. आजीने डबा हातात घेऊन फिरवून बघितला. "यात लोणचं राहील का?"
"नाही आजी, तेलाचा डाग पडेल."
"मग काय चाटायचाय?"

तरी मामीने सहाचा सेट घेतलाच. रुखवतात लाडवांच्या शेजारी मांडला होता, फोटोत आहे. नवऱ्याकडची माणसं आधी डबे बघत होती, मग लाडू.

मधली_सून

ते डबे अजून असतील ना? आमच्या सासूबाईंचे आहेत. झाकणं चार, डबे सात. कोणी डबा नेला तर तारीख लिहून ठेवतात. मी माहेरी शिरा भरून नेला आणि डबा विसरले, तर फोन शिऱ्यासाठी नाही आला.

स्पष्टवक्ती

मी जरा कडू लिहिते, माफ करा. मला हा प्रकार कधीच आवडला नाही. जेवायला बोलावलंय म्हणून आपण मनापासून जातो, नवरीला द्यायला पाकीट घेऊन जातो, आणि पान उचललं की पुढे फॉर्म. तेही यजमानीण शेजारी बसून. नाही कसं म्हणणार? माझ्या एका जवळच्या मैत्रिणीकडे सलग तीनदा असं झालं (एकदा बारसं होतं!) आणि चौथ्यांदा मी खोटं सांगितलं की ताप आहे. तिला कळलं. पुढे बोलणं कमीच झालं. भांडण नाही, काही नाही. नुसतं विरलं.

बाराबंदी

पुरुषांनी लिहिलं तर चालेल का? आमचा अनुभव जिन्याचा. तिसरा मजला, लिफ्ट नाही, बायको घरी यजमानीण, खोकी आम्ही वाहिली. पार्टीत प्रवेश नव्हता. चार तास खाली पानाच्या टपरीवर काढले. वर आलो तर भजी संपलेली. नंतर मिळालेली फुकट भेट: अंड्यातला पिवळा बलक वेगळा करायची चमची. घर शाकाहारी.

पोळपाट_ओहायो

@बाराबंदी अगदी डोळ्यासमोर आलं.
@स्पष्टवक्ती कडू काही नाही हो, मलाही तेव्हा चौदा जणींच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. त्यातल्या दोघी इंटर्न होत्या, ताशी पगारावरच्या.

सुट्टे_पैसे

मी विकायचे. २००३ ते २००९, नाशिक. कंपनी कोणती ते सोडा.

केळवणात पार्टी लावायची तर काही गोष्टी आम्ही ठरवून करायचो. आधी जेवण, मग कॅटलॉग. उलटं केलं तर ताक वाढायच्या आत बायका "रिक्षा मिळणार नाही" म्हणून उठतात. दुसरं, पहिली ऑर्डर कोणाची. घरातल्या मोठ्या बाईने मोठा डबा घेतला की धाकट्या जावेला निदान लिंबू पिळायचं तरी घ्यावंच लागतं. @स्पष्टवक्ती म्हणतायत ती भीडच आमचं भांडवल होतं, खोटं कशाला बोलू.

पण माझी बाजूही ऐका. लग्नानंतर अकरा वर्षांनी मी कमावलेले पहिले पैसे, ११४० रुपये. साखरेच्या डब्याखाली ठेवले होते. दोन दिवस खर्चच करवेना. दर वेळी साखर काढताना नोटा आहेत ना बघायचे. मग लेकीला गणिताचा क्लास लावला आणि फी मी भरतेय असं सांगितलं. ह्यांनी पेपर खाली करून बघितलं, इतकंच. सासरे मात्र त्या रात्री जेवताना म्हणाले, "वहिनीबाई, आम्हाला पण एक डबा दाखवा." कधी वहिनीबाई म्हणायचे नाहीत हो.

एका केळवणात एक काकू होत्या. फॉर्म भरला, मग खोडला, मग घडी करून पदराखाली धरून बसल्या. मी गोळा करत त्यांच्यापर्यंत आले आणि न थांबता पुढच्या बाईकडे गेले. जाताना त्यांनी माझ्या पिशवीत दोन करंज्या टाकल्या.

का सोडलं म्हणाल? महिनाअखेरीला आकडा गाठायचा म्हणून स्वतःच्या नावावर माल उचलायला लागले. माळ्यावर अजून नऊ पाण्याच्या बाटल्या आहेत, खोकीसुद्धा उघडलेली नाहीत.

मधली_सून

करंज्या वाचून डोळ्यात पाणी आलं आणि इकडे दूध उतू गेलं. आभारी आहे.

चहा_घेता_घेता

थोडं गूगलपूर्व ज्ञान पाजळतो. हे घरोघरी बोलावून विकणं गाजवलं टपरवेअरने. अर्ल टपर नावाच्या माणसाचे डबे १९४६ला बाजारात आले, पण दुकानात पडून राहिले, कारण झाकण दाबून हवा काढायची हे कुणी करून दाखवल्याशिवाय कळायचंच नाही. दाखवलं ते बायकांनी, आपापल्या बैठकीच्या खोलीत. त्यात ब्राउनी वाइज सगळ्यात पुढे. घटस्फोटित, पदरी मुलगा, आधी दुसऱ्या कंपनीचं सामान घरोघरी विकलेली. भांड्यात रस भरून झाकण लावायची आणि खोलीभर फेकायची. ठाण्याच्या वहिनी तिच्याच घराण्यातल्या! १९५१ला टपरने दुकानातली विक्रीच बंद केली आणि सगळं पार्ट्यांवर आणलं. १९५४ला बिझनेस वीकच्या मुखपृष्ठावर झळकलेली पहिली बाई हीच. १९५८ला टपरने तिला काढून टाकलं आणि त्याच वर्षी कंपनी विकून मोकळा झाला. भारतात हे डबे १९९६ला आले. आणि सप्टेंबर २०२४ला मूळ कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला.

बाराबंदी

थोडक्यात, हवा बाईने काढली आणि झाकण तिच्यावरच लावलं.

सुट्टे_पैसे

@चहा हे कुणी सांगितलं नव्हतं आम्हाला. मीटिंगमध्ये नुसती गाणी म्हणायला लावायचे.

टेक्सासची_काकू

शॉवरमध्ये त्या रिबिनींचं पण असतं ना? भेटी उघडताना जेवढ्या रिबिनी तुटतील तेवढी मुलं होणार म्हणे. मग त्या कागदी थाळीला चिकटवून गुच्छ करतात, लग्नाच्या रंगीत तालमीला नवरी तो हातात धरते. माझ्या सुनेने सात तोडल्या. मुद्दाम. मी आपलं हसले.

तिच्या शॉवरला असली पार्टी नव्हती, पण ती किसणी-कातरी विकणारी बाई पाहुणी म्हणून आली आणि पर्समधून कॅटलॉग काढलाच. मी तिच्याकडून खिमा मोडायचं प्लास्टिकचं फुली-फुलीचं ते घेतलं. पावभाजी घोटायला त्यासारखं काही नाही. बटाटा, फ्लॉवर सगळं कढईतच. भारतात न्यायला चार घेतली नंतर.

कर्जत_लोकल

@पोळपाट_ओहायो पण मग ओव्हनमध्ये शेवटी काय केलं तिने? उपाशी का सगळ्या?

पोळपाट_ओहायो

केलं ना! कणकेच्या तयार त्रिकोणांचं कडं करतात, टोकं बाहेर, मध्ये सारण, मग टोकं आत दुमडायची. फुलासारखं दिसतं. सारण चिकन-चीजचं होतं. मला आणि बाकी दोघी देशींना म्हणून तिने वेगळं केलं, ब्रोकोलीचं. ओव्हनची जाळी खरवडेपर्यंत साडेतीन वाजले, तोवर सगळ्यांनी माझं श्रीखंड संपवलं, नुसतं, पुरीशिवाय, चमच्याने. एकीला वाटलं ते केकवरचं क्रीम आहे.

मी हल्ली पनीर-सिमला मिरचीचं करते.

कर्जत_लोकल

ते त्रिकोण इकडे मिळतात का? नाहीतर खारीचं पीठ चालेल का?

टेक्सासची_काकू

पफ पेस्ट्री शीट घ्या, चालेल. थंडच राहू दे, नाहीतर हाताला चिकटते.

मधली_सून

विषयांतर: प्लास्टिकच्या डब्याला हळदीचा डाग पडलाय, सासूबाई गावाहून रविवारी येतायत. पटकन सांगा.

ठाणे_पश्चिम

थोडं तेल चोळ, धू, आणि उन्हात ठेव दोन दिवस. हळद उन्हाने उडते. झाकण आहे ना पण?

मधली_सून

झाकणच तर सापडत नाहीये.

स्पष्टवक्ती

@सुट्टे_पैसे तुमचं वाचलं. रात्री परत वाचलं. माझ्या त्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी तेव्हा गेली होती, हे मला नंतर कुठूनतरी कळलं होतं. ती तसं कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही. तिच्याकडून घेतलेली किसणी रोज वापरते.

सुट्टे_पैसे

@स्पष्टवक्ती फोन करा. डबा परत करायच्या निमित्ताने करा हवं तर, बायकांत ते निमित्त कायम चालतं.

कोपऱ्यातली_खुर्ची

दगडाचे तुकडे टाकू नकोस गं. तुळशीच्या कुंडीत भोकावर तळाला घाल.

पोळपाट_ओहायो

घातले पण! आणि ती रिसेप्शनिस्ट अजून संपर्कात आहे. तिला फोटो पाठवला तर उत्तर आलं, "माझ्याकडे अजून तीन लसूण प्रेस आहेत, एक पाठवू?"

नवीनच_आलोय

नमस्कार, धागा आवडला. मावसभावाचं केळवण आहे शनिवारी, दोघांना मिळून काय द्यावं? हजारापर्यंत. मुलगी बंगळूरची आहे.

बाराबंदी

बलक काढायची चमची आहे माझ्याकडे. पॅकबंद.