ली मिंगवेईच्या धर्तीवर कपडे शिवण्याचं परफॉर्मन्स: रिळं किती, गुंता कसा टाळायचा?

सुईदोरा_नागपूर:
ली मिंगवेई या तैवानी-अमेरिकन कलावंताचं 2009 चं ‘द मेंडिंग प्रोजेक्ट’ इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. लोक फाटका कपडा आणतात, टेबलाशी समोरासमोर बसून तो शिवला जातो, गप्पा होतात. शिवून झाल्यावर दोरा तोडत नाहीत, कपडा भिंतीवरच्या रिळाला जोडलेलाच टेबलावर राहतो. त्याच धर्तीवर, त्यांचं नाव फलकावर लिहून, सिव्हिल लाइन्समधल्या भाड्याच्या हॉलमध्ये मे महिन्यात 3 दिवस, रोज 5 तास करायचं ठरवून राहिलो. शिवायला दोघं. भिंतीला खिळे ठोकायची मनाई आहे. रिळं किती घ्यावी? आणि रिकाम्या खुर्चीवर पहिला माणूस बसवायचा कसा?

उलटा_टाका:
आधी वेळेचा हिशेब. एका कपड्याला 15 मिनिटं धरा. 5 तासांत एका जणाचे 20, दोघांचे 40, तीन दिवसांत 120. दोरा तोडायचा नाही म्हणजे रिळाचं मोकळं टोक कपड्यात अडकलं. त्या रिळावर दुसरा कपडा होत नाही. इथेच सगळ्यांची फसगत होते, 20 रंगांची 20 रिळं आणली की दुपारपर्यंत खेळ खलास.

120 रिळं घेऊ नका. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा आणि प्रत्येकीवर 5 मीटर दोरा गुंडाळा. 100 मीटरच्या रिळातून 20 पट्ट्या होतात, म्हणजे 6 रिळांत काम भागतं. रंग हवेत म्हणून 12 घ्या, इतवारीच्या बाजारात मिळतील. पट्ट्या अडकवायचा बोर्ड टेबलापासून अडीच मीटरवर असेल तर तिरकं अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास जातं, बाकीचा दोरा टाक्यांना आणि ढिलाईला.

भिंतीऐवजी 8 बाय 4 फुटांचा प्लाय आडवा, मंडपवाल्याच्या लोखंडी स्टँडला बांधा. 6 इंचांवर खिळे मारले तर 16 गुणिले 8, म्हणजे 128 जागा. खिळे थोडे वर तिरपे ठोका, नाहीतर पट्टी घसरते.

शिवताना सुरुवातीला गाठ मारता येत नाही, कारण ते टोक बोर्डाकडे गेलेलं असतं. हातभर दोरा ओढून घ्या, पहिल्याच जागी दोन-तीन उलटे टाके घाला, मग पुढे शिवा. हे चुकवलं की कुणाचा धक्का लागताच अख्खी शिवण गोळा होते.

कूलर_बंद_करा:
दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती ताणात लवकर तुटतो. मे महिन्यात कूलर लागणारच, पण त्याचं तोंड बोर्डाकडे नको. एकदा दोरे एकमेकांवर फडफडायला लागले की सोडवणं अशक्य. ओलसर हवेत तीन दिवस पडलेल्या ढिगाला कुबट वासही येतो, म्हणून धुतलेलेच कपडे घ्या.

रंग लोकांना बोर्डावरून निवडू देऊ नका. डब्यातून पट्टी निवडायची आणि ती पुढच्या मोकळ्या खिळ्यावर लावायची, खालच्या ओळीपासून वर. मग दोरे एकावर एक पडतात, आडवे-उभे गुंतत नाहीत. परत देताना उलट क्रमाने, वरचा आधी. कपड्याला सेफ्टी पिनने नंबराची चिंधी लावा. नाव-फोन फक्त वहीत.

प्रेक्षक_क्र_3:
खुर्चीसाठी ओळखीचा माणूस पेरू नका भाऊ, लोकांना लगेच कळतं. आपल्याच घरचे पाच-सहा कपडे आदल्या दिवशी शिवून टेबलावर ठेवा, त्यांचे दोरे बोर्डाला. मग काय करायचं ते न सांगता समजतं. फलक मराठी-हिंदीत, एकच ओळ: ‘फाटका कपडा आणा, बसा.’ कपडा न आणलेले खूप येतील. त्यांचा रुमाल, ओढणी, उसवलेली बाही, सुटलेलं बटण, काहीही चालतं.

आणि रफू करू नका. इथे फाटलेलं लपवायचं नाहीये, उठून दिसेल असा विरुद्ध रंग घ्या. शिवणाऱ्याचा फोन खिशात. गप्पा थांबल्या तर थांबू द्या.

सुईदोरा_नागपूर:
पट्ट्यांची युक्ती डोक्यातच आली नव्हती. टेबल आणि बोर्डाच्या मधून लोक चालत गेले तर?

उलटा_टाका:
जाणारच. बोर्ड कोपऱ्यात तिरका लावा, टेबल त्याच्या तोंडाशी, पाहुण्यांच्या खुर्च्या बाहेरच्या बाजूला. दोन्ही बाजूंना बाक टाकून वाट बंद करा. दोरी बांधू नका, तीही कलाकृतीतलीच वाटते आणि लोक तिला हात लावत बसतात.